डायलिसिस विभागाच्या यंत्रनोंदी दर तपासणीत त्याच जागी का अडतात, आणि त्यावर उपाय

तपासणीसाठी आलेल्या डॉक्टर मॅडमनी आमच्या विभागात फाइल मागितलीच नाही. त्या थेट सातव्या बेडजवळ गेल्या, मशीनच्या मागे वाकून पाटीवरचा सिरीयल नंबर आपल्या वहीत उतरवून घेतला आणि मग शांतपणे म्हणाल्या, "या मशीनचे कागद दाखवा." आमच्याकडे कागदांची वानवा नव्हती. सर्व्हिस रिपोर्टची जाड फाइल होती, कॅलिब्रेशन (मशीन बरोबर मोजते का याची तपासणी) प्रमाणपत्रांची वेगळी होती, निर्जंतुकीकरणाचे रजिस्टर होते, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटचे लॉगबुक होते. पण त्या एका नंबरचे सगळे कागद काढायला आम्हाला पाऊण तास लागला आणि निघाले ते एकमेकांशी जुळेनात. बेड ७ असे लिहिलेले प्रमाणपत्र भलत्याच सिरीयल नंबरचे होते. मशीनवरच्या स्टिकरची तारीख त्या प्रमाणपत्रावर नव्हती. मागच्या सर्व्हिस रिपोर्टात मशीनचे चालू तास १८,४०० लिहिलेले होते आणि पडद्यावर त्या दिवशी ६,१०० दिसत होते.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. तपासणी रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची असो, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांची असो, की महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालची असो, डायलिसिस विभागात निघणाऱ्या त्रुटी थोड्याफार फरकाने त्याच असतात. आपण खुलासा पाठवतो, त्रुटी बंद झाल्याचे पत्र येते आणि पुढच्या खेपेस ती पुन्हा उघडते. आमच्याकडे असे सलग तीन वेळा झाले. तिसऱ्या खेपेनंतर आम्ही कागद नीट लावण्याचे काम बाजूला ठेवले आणि ते चुकीचे तयारच का होतात, हे शोधायला बसलो.

बेडचा नंबर म्हणजे मशीनचा नंबर नव्हे

आमच्या विभागात बारा बेड आणि तेरा मशीन आहेत. तेरावे स्टँडबाय असते. सकाळच्या पाळीत एखादे मशीन अलार्म देऊन थांबते, रुग्ण सुया टोचलेल्या अवस्थेत खोळंबलेला असतो, तेव्हा तंत्रज्ञ ते मशीन बाजूला ढकलतो आणि स्टँडबाय लावतो. त्याने तसेच करायला हवे. दोन दिवसांनी दुरुस्त झालेले मशीन परत येते आणि जिथे जागा रिकामी असेल तिथे लागते. वर्षभरात अशा दहा-बारा अदलाबदली सहज होतात. नोंदी मात्र "बेड ७" या नावानेच चालू राहतात, त्यामुळे जानेवारीतला बेड ७ आणि सप्टेंबरमधला बेड ७ ही दोन वेगळी मशीन असतात. त्या दिवसापासून पुढची प्रत्येक नोंद प्रामाणिकपणे लिहिलेली असूनही चुकीच्या यंत्राच्या खात्यावर पडते.

हा केवळ तपासणीचा प्रश्न नाही. विभागातल्या एखाद्या रुग्णाचा हिपॅटायटिस सीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर गेल्या काही महिन्यांत तो कोणत्या मशीनवर होता, त्याच्या आधी त्याच मशीनवर कोण होते आणि मधल्या वेळेत निर्जंतुकीकरण झाले होते का, हे सांगता आले पाहिजे. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी मशीन वेगळे राखलेले असते, पण ते "कोपऱ्यातले मशीन" एवढ्याच ओळखीवर राखलेले असेल, तर कोपरा बदलला की तो बंदोबस्तही संपला.

उपाय साधा आहे, पण तो एकाच दिवसात सर्व मशीनना लागू करावा लागतो. प्रत्येक मशीनला रुग्णालयाचा कायमचा यंत्र क्रमांक द्यावा, तो सिरीयल नंबरशी बांधलेला असावा आणि मशीन भंगारात जाईपर्यंत बदलू नये. आमच्याकडे डीएम-०१ ते डीएम-१३ असे क्रमांक आहेत आणि ते समोरच्या बाजूस, पडद्याखाली, ब्लीचच्या बोळ्यानेही पुसले जाणार नाहीत अशा पट्टीवर आहेत. सुरुवातीला आम्ही कागदी स्टिकर लावले होते. तीन आठवड्यांत त्यांवरची शाई उडाली आणि तंत्रज्ञ पुन्हा बेडचा नंबर लिहू लागले. यंत्र क्रमांकाचा रकाना रुग्णाच्या डायलिसिस चार्टवर छापूनच घ्यावा, नाही तर घाईच्या वेळी तो राहतो. मशीन जागेवरून हलले की हालचाल रजिस्टरात एक ओळ लिहावी: कोणते मशीन, कुठून कुठे, किती वाजता, कशामुळे, सही.

चालू तासांच्या गोंधळाचे कारणही याच कामात सापडले. त्या मशीनचे मुख्य बोर्ड बदलले गेले होते आणि नव्या बोर्डावर तासांची मोजणी शून्यापासून सुरू झाली होती. सर्व्हिस इंजिनिअरने आपल्या रिपोर्टात "बोर्ड बदलला" एवढेच लिहिले, जुने वाचन लिहिले नाही. तासांवर आधारलेली देखभाल त्यामुळे पुढे ढकलली जात होती आणि मशीन कागदोपत्री तरुण दिसत होते. आता प्रत्येक मशीनच्या हिस्ट्री कार्डावर, म्हणजे त्याच्या दुरुस्ती-देखभालीच्या नोंदपत्रावर, बोर्ड बदलण्याआधीचे वाचन आणि नंतरचे वाचन अशा दोन ओळी लाल शाईने लिहिल्या जातात.

प्रमाणपत्र आले की वाचायचे, मगच फाइलला लावायचे

कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रे एकगठ्ठा येतात. आम्ही ती वर्षानुवर्षे न वाचता पंच करून लावत होतो. आता कार्यपद्धती अशी आहे की प्रमाणपत्र हातात घेऊन मशीनजवळ जायचे, मागच्या पाटीवरचा सिरीयल नंबर अक्षर-अक्षर जुळवायचा आणि मगच स्वीकृतीची सही करायची. पहिल्याच वेळी दोन प्रमाणपत्रांत आकडे उलटसुलट झालेले सापडले. कंपनीने ती आठवड्याच्या आत बदलून दिली. तपासणीच्या आदल्या दिवशी ते शक्य झाले नसते.

सिरीयल नंबरनंतर पाहायची गोष्ट म्हणजे ज्या संदर्भ उपकरणाने मोजमाप केले, त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र त्या तारखेला वैध होते का आणि ते एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे आहे का. त्याची प्रत मागून घ्यावी. तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात: समायोजनाआधीचे वाचन. समजा मशीनच्या पडद्यावर डायलिसेटची (रक्त शुद्ध करणाऱ्या द्रावाची) कंडक्टिव्हिटी, म्हणजे त्यातल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, १४.० मिलिसिमेन्स दिसत होती, संदर्भ मीटर १३.४ दाखवत होता आणि समायोजनानंतर दोन्ही जुळले. प्रमाणपत्रावर फक्त नंतरचा आकडा आणि "समाधानकारक" असा शेरा असेल, तर ते मशीन आदल्या दिवसापर्यंत चुकीचे दाखवत होते ही गोष्ट कुठेच राहत नाही. आधीचे वाचन मर्यादेबाहेर असेल, तर ते केव्हापासून तसे असावे आणि त्या काळात कोणा रुग्णाला त्रास झाला का, हे नेफ्रॉलॉजिस्टसोबत बसून पाहणे आणि ते लिहून ठेवणे आपल्याकडे येते. कंडक्टिव्हिटी, तापमान, रक्तपंप, हेपॅरिन पंप, दाबाचे ट्रान्सड्यूसर, हवा ओळखणारा सेन्सर, रक्तगळतीचा सेन्सर आणि अल्ट्राफिल्ट्रेशन (रुग्णाच्या शरीरातले जादा पाणी काढणे) या प्रत्येकाचे वाचन आणि स्वीकार्य मर्यादा वेगवेगळी हवी. सर्वांसाठी मिळून एकच बरोबरची खूण असेल, तर ते प्रमाणपत्र परत पाठवावे. विद्युत सुरक्षेची चाचणी वेगळ्या कागदावर येते आणि हटकून राहून जाते, म्हणून तिची तारीख कॅलिब्रेशनच्या तारखेलाच जोडून घ्यावी.

पाण्याच्या नोंदी

मी सर्वांत जास्त वेळ इथे देतो. मिनिटाला ५०० मिलिलिटर डायलिसेट धरले, तर चार तासांच्या एका बैठकीत रुग्णाच्या रक्तासमोरून १२० लिटर पाणी जाते आणि मधे असतो तो फक्त डायलायझरचा पातळ पडदा. १९९३ मध्ये शिकागोतील एका डायलिसिस केंद्रात पाणी शुद्ध करणारी आयन काढण्याची टाकी क्षमता संपल्यावरही चालू राहिली आणि तिच्यात साठलेले फ्लोराइड पाण्यात उतरले. १५ पैकी १२ रुग्ण आजारी पडले आणि ३ दगावले. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू इथे टँकरने आलेल्या, नीट प्रक्रिया न झालेल्या पाण्यातून निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष रुग्णांच्या रक्तात गेले आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एप्रिल-मेमध्ये आपल्या कितीतरी गावांत रुग्णालयाची टाकी टँकरनेच भरते. म्हणून टँकर आला, कुठल्या विहिरीचा आला आणि किती वाजता आला, ही नोंद आरओच्या लॉगबुकात असलीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे, मग ती कोणी मागो अथवा न मागो.

आमच्या जुन्या लॉगबुकात सलग तेवीस दिवस शुद्ध पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) १२ लिहिलेला होता. तंत्रज्ञावर खोटेपणाचा आळ येण्याआधी मी स्वतः आठवडाभर पहाटे जाऊन मीटर पाहिला. तो खरोखर ११ ते १३ च्या दरम्यान असायचा. चूक माणसाची नव्हती, रकान्यांची होती. लॉगबुकात कच्च्या पाण्याचा टीडीएस लिहायला जागाच नव्हती. उन्हाळ्यात कच्चे पाणी ४८० असताना शुद्ध पाणी १२ असेल, तर आरओचे मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) ९७.५ टक्के क्षार अडवते. पावसाळ्यात धरणाचे पाणी १५० वर आले आणि शुद्ध पाणी तरीही १२ च असेल, तर ती टक्केवारी ९२ वर घसरलेली असते. आकडा तोच आहे, पण मेम्ब्रेन थकत चालले आहे. दोन्ही वाचने आणि त्यांवरून काढलेली टक्केवारी असे तीन रकाने केल्यावर ते महिनाभर आधी कळू लागले.

क्लोरीनच्या नोंदीत दोन दोष नेहमी सापडतात. पहिला दोष किटचा. ग्रामपंचायतीच्या पाण्यासाठी वापरतात ते क्लोरीन तपासण्याचे ओटी किट अनेक विभागांत डायलिसिसच्या पाण्यालाही वापरले जाते. ते किट पाण्यात पुरेसे क्लोरीन आहे ना, हे पाहण्यासाठी बनलेले आहे. आपल्याला क्लोरीन आणि क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनिया मिळून बनणारे संयुग) मिळून लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत आहेत हे सिद्ध करायचे असते, कारण क्लोरामाइन रक्तात गेले की लाल पेशी फुटतात. त्यामुळे एकूण क्लोरीन त्या पातळीपर्यंत मोजणाऱ्या पट्ट्या किंवा मीटर लागतो, आणि पट्ट्यांच्या डबीचा लॉट क्रमांक व मुदत लॉगबुकात लिहावी लागते. दुसरा दोष जागेचा आणि वेळेचा. नमुना क्लोरीन शोषून घेणाऱ्या दोन कार्बन टाक्यांच्या मधल्या नळातून घ्यायचा, म्हणजे पहिली टाकी संपली तरी दुसरी रुग्णाला सांभाळत असते. आणि प्लांट किमान पंधरा मिनिटे चालल्यावर, प्रत्येक पाळीचा पहिला रुग्ण लावण्याआधी घ्यायचा. नोंदीत "नकारात्मक" असे न लिहिता आकडा लिहावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ पाणी आले की नगरपालिका टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे प्रमाण वाढवते आणि कार्बन लवकर संपतो, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये आम्ही हे वाचन पाळीच्या मध्यातही घेतो.

कार्बनच्या टाकीबद्दल तपासणीत विचारला जाणारा, आणि हमखास अडवणारा, प्रश्न संपर्ककाळाचा असतो. दोन्ही टाक्या मिळून पाणी कार्बनच्या संपर्कात किमान दहा मिनिटे राहिले पाहिजे. तासाला ५०० लिटर शुद्ध पाणी देणारा प्लांट निम्मे पाणी रिजेक्ट करत (क्षारांसह बाहेर टाकत) असेल, तर कार्बनमधून तासाला १,००० लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण १६.७ लिटर पाणी जाते आणि दोन्ही टाक्यांत मिळून किमान १६७ लिटर कार्बन लागतो. हिशेब शुद्ध पाण्यावर केला तर तो निम्माच निघतो आणि आपण उगाच निर्धास्त राहतो. हा हिशेब एका पानावर लिहून प्लांटच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच ठेवावा आणि नवीन मशीन वाढवले की पुन्हा करावा. पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या सॉफ्टनरची चाचणी मात्र सकाळी करून उपयोग नाही. रात्री रिजनरेशन झालेला (मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजा केलेला) सॉफ्टनर सकाळी चांगलाच असतो. त्याची खरी अवस्था दिवसाअखेरीस कळते, म्हणून ते वाचन शेवटच्या पाळीनंतर घ्यावे.

जंतुपरीक्षणाच्या रिपोर्टांनी मला सर्वांत मोठा धक्का दिला. दोन वर्षांचे रिपोर्ट होते, प्रत्येकावर "वाढ आढळली नाही" असे लिहिलेले. प्रयोगशाळेत जाऊन विचारले तेव्हा कळले की लघवीच्या कल्चरला वापरतात त्याच ०.००१ मिलिलिटरच्या लूपने (तारेच्या फासाने) ते पाणी प्लेटवर लावत होते. त्या लूपमधून एक वसाहत वाढली तरी ती मिलिलिटरला १,००० होते. आपली मर्यादा १०० च्या आत, आणि कारवाई ५० ला सुरू करायची. म्हणजे पाण्यात मर्यादेच्या कितीतरी पट जंतू असते, तरी तो रिपोर्ट कोराच आला असता. प्रयोगशाळेने समजून घेतले आणि पद्धत बदलली: मोठ्या आकारमानाचा नमुना, पाण्यातले जंतू वाढवण्याचे आर-टू-ए माध्यम, १७ ते २३ अंश तापमान, सात दिवस. रिपोर्टवर आता पद्धत आणि आकडा दोन्ही असतात. एंडोटॉक्सिनची (जंतूंच्या आवरणातून सुटणाऱ्या विषाची) चाचणी आम्ही बाहेरून करून घेतो, तिची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ एकक आहे आणि कारवाईची पातळी ०.१२५. पाण्याचा नमुना मशीनपर्यंत पाणी नेणाऱ्या पाइपलाइनच्या निर्जंतुकीकरणाआधी घ्यावा, नंतर नव्हे. निर्जंतुकीकरणाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना आपल्याला फक्त निर्जंतुकीकरण झाले एवढेच सांगतो, महिनाभर रुग्णांना कोणते पाणी मिळाले ते सांगत नाही. नमुना अर्ध्या तासात प्लेटवर गेला पाहिजे, नाही तर तो थंड ठेवून २४ तासांच्या आत लावला पाहिजे. त्यासाठी घेतल्याची आणि पोचल्याची वेळ दोन्ही लिहाव्यात.

डायलायझर पुन्हा वापरत असाल, तर रिप्रोसेसिंग रजिस्टरात सुरुवातीचे टीसीव्ही (डायलायझरच्या तंतूंत मावणारे आकारमान) आणि प्रत्येक वेळचे टीसीव्ही शेजारी-शेजारी असावे, म्हणजे ते सुरुवातीच्या ८० टक्क्यांखाली गेल्यावर तो टाकला की नाही हे एका नजरेत दिसते.

बिघाडाची नोंद अर्धवट राहते तेव्हा

तक्रार नोंदवली जाते, सर्व्हिस इंजिनिअर येतो, पंप बदलतो, सही करून जातो. मशीन पुन्हा रुग्णावर लावण्याआधी कोणी काय तपासले, हे मात्र कुठेच नसते. आमच्या हिस्ट्री कार्डावर आता "रुग्णसेवेसाठी परत" अशी एक चौकट आहे. दुरुस्तीच्या भागाशी संबंधित चाचणी, निर्जंतुकीकरण, उरलेल्या निर्जंतुकाची चाचणी आणि इन्चार्ज सिस्टर किंवा वरिष्ठ तंत्रज्ञांची सही झाल्याशिवाय मशीनवरची, ते वापरू नये असे दाखवणारी लाल पट्टी काढायची नाही. रुग्ण मशीनवर असताना बिघाड झाला असेल, तर ती घटना रुग्णालयाच्या घटना-नोंदीत जाते आणि मटेरिओव्हिजिलन्सच्या (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमाच्या) समन्वयकांकडेही पाठवली जाते. हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे आणि डायलिसिसची यंत्रे त्याच्या कक्षेत येतात, तरीही अनेक विभागांत त्याचा अर्ज पाहिलेलाच नसतो.

रिकाम्या पानांचे काय करायचे

ती भरायची नाहीत. तपासणी जवळ आली की वरून तोंडी सूचना येते, "तेवढे लॉगबुक पूर्ण करून ठेवा." ही सूचना देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, विभागाची लाज राखावी एवढीच इच्छा असते. पण १४ मेची सकाळची क्लोरीनची ओळ रिकामी आहे याचा अर्थ त्या सकाळी ती चाचणी झाली की नाही, हे कोणालाच माहीत नाही. तिथे तीन महिन्यांनी ०.०५ लिहिणे म्हणजे न तपासलेल्या पाण्याला तपासलेले म्हणणे, आणि सही मात्र वीस हजार पगारावरच्या तंत्रज्ञाची. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच दाबाने लिहिलेली तीन आठवड्यांची पाने अनुभवी निरीक्षक लांबूनही ओळखतात, आणि एकदा ती ओळखली की खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

त्याऐवजी रिकाम्या ओळीसमोर आजच्या तारखेने शेरा लिहावा: नोंद आढळली नाही, अमुक तारखेच्या पडताळणीत लक्षात आले, आधीचे व नंतरचे वाचन मर्यादेत होते, त्या पाळीतल्या रुग्णांच्या चार्टमध्ये काही त्रास नोंदलेला नाही, आणि पुन्हा राहू नये म्हणून काय केले. आमच्याकडे असे अकरा शेरे होते. पुढच्या तपासणीत ते सगळे वाचले गेले आणि त्यातल्या एकाचीही त्रुटी लिहिली गेली नाही. अकरापैकी नऊ रविवारच्या पाळीतले होते, हेही त्यामुळेच समोर आले. रविवारी एकच तंत्रज्ञ असायचा आणि प्लांटरूम दोन मजले खाली आहे. आता प्लांट रविवारी सुरक्षा कर्मचारी ठरल्या वेळी सुरू करतो आणि तंत्रज्ञ रुग्ण आत घेण्याआधी खाली जाऊन वाचन घेतो.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारच्या पाळीनंतर आम्ही एक चिठ्ठी काढतो. तिच्यावर एका मशीनचा क्रमांक असतो. त्या विभागात काम न करणाऱ्या कोणा सहकाऱ्याने त्या मशीनजवळ जायचे, सिरीयल नंबर उतरवायचा आणि दहा मिनिटांत त्याचे हिस्ट्री कार्ड, शेवटचे कॅलिब्रेशन, शेवटचे देखभाल काम, गेल्या आठवड्यातले निर्जंतुकीकरण, शेवटचा डायलिसेटचा नमुना आणि काल त्यावर असलेल्या रुग्णाचा चार्ट मागायचा. पहिल्या महिन्यात डीएम-०४ निघाले आणि आम्हाला चाळीस मिनिटे लागली. गेल्या शनिवारी डीएम-११ निघाले. सगळे कागद सात मिनिटांत टेबलावर आले, पण डायलिसेटचा नमुना तेरा महिन्यांपूर्वीचा होता. वर्षातून एकदा प्रत्येक मशीनचा नमुना झालाच पाहिजे, म्हणून सोमवारी पहिल्या पाळीआधी तो घेतला.